खाजनावरचा बोजा

जमिनीच्या व्यवहारात वावरणाऱ्या माणसास 'बोजा' हा शब्द फार लवकर शिकावा लागतो. जमीन गहाण असेल, तिच्यावर कोणाच्या पोटगीचा हक्क असेल, सरकारचे देणे थकले असेल, तर ते सारे तिच्यावरचे बोजे. आमच्यासारख्या वकिलाने मागील तीस वर्षांचे दस्तऐवज चाळावेत, बोजा नाही अशी खात्री करून घ्यावी आणि शेवटी 'जमीन निर्वेध व विक्रीयोग्य आहे' असे लिहून खाली सही करावी, हा आमच्या धंद्याचा परिपाठ. हा शब्द आम्ही किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. परंतु बोजा म्हणजे मुळात वजन, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली ती अगदी अलीकडे, एका देवस्थानच्या कामाच्या निमित्ताने.

देवस्थानचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. जुवारी नदीच्या एका फाट्यालगत देवाच्या नावे खाजनाचा तुकडा आहे. गेली दहाबारा वर्षे तो पडीक आहे. जत्रेस बेळगाव, हुबळी, इंदूर, वडोदरा येथून कुळावी येतात; त्यांच्या गाड्या ठेवण्यास जागा नाही, रात्री पाठ टेकण्यास निवारा नाही. म्हणून तो तुकडा मातीने भरून तेथे भक्तनिवास व वाहनतळ करावा, असा समितीचा विचार. एके सायंकाळी चार महाजन कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. त्यांची गरज खोटी नव्हती आणि त्यांत कोणाचा खाजगी लाभही नव्हता, हे प्रथम नमूद केले पाहिजे. नाही तर पुढील विवेचनात त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा प्रश्न सरळ होता : "वकीलबाब, जमीन देवाची, काम देवाचे. मग हरकत कसली?"

कायद्याचे उत्तर फारसे अवघड नव्हते. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात डोंगर कापण्यास आणि सखल जमीन भरण्यास परवानगीवाचून मनाई करणारे कलम आहे. किनारपट्टीविषयीच्या केंद्र सरकारच्या 2011 च्या अधिसूचनेत तर गोव्यातील खाजनांचा नावानिशी निर्देश करून तेथे विकासकामे होऊ देऊ नयेत, असे म्हटले होते. हे सांगताच त्यांपैकी वयाने थोर असलेले गृहस्थ किंचित हसले व म्हणाले, "परवानगीचे आम्ही पाहून घेऊ. तुम्ही मालकीचे तेवढे सांगा."

मालकीचे सांगायचे म्हणजे काय सांगायचे, हा विचार करीत आम्ही त्या रात्री बसलो आणि तो विचार अजून संपलेला नाही.

गोव्याबाहेरील वाचकांसाठी खाजन म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांत भरतीचे खारे पाणी आत दूरवर शिरते. नदीच्या काठची दलदल बांध घालून भरतीपासून सोडविली आणि तीत भात पिकवले, की ती झाली खाजन जमीन. बांध चिखलाचा, आत पेंढा, बाहेरून जांभ्या चिऱ्यांचा थर. बांधात ठिकठिकाणी 'मानस' असते, म्हणजे पाण्याचे लाकडी दार. भरती आली की तिच्याच दाबाने दार बंद होते. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात पावसाचे पाणी शेतातले मीठ धुऊन काढते व भात पिकते. आतल्या पोंयीत मासळी व कोळंबी होते. कोरगुटासारखे भाताचे वाण अंगी थोडेफार मीठ सोसतात, म्हणून ते येथे टिकले. ही विद्या किती जुनी असावी? बांदोडा येथे सापडलेला अनिर्जितवर्मा नामक मौर्य राजाचा ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. त्यात 'खज्जन' भूमीच्या दानाचा उल्लेख आहे. पोर्तुगीज येथे येण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधीची ही गोष्ट. त्यांनी 1526 मध्ये अफोंसो मेशिय याच्या हातून जी सनद काढली, ती गावकऱ्यांच्या आधीपासून चालत आलेल्या रूढी लिहून घेण्यासाठीच.

आता या शेताच्या खाली काय आहे ते पाहू. आम्ही भूगर्भशास्त्राचे अभ्यासक नव्हे. परंतु त्या रात्रीनंतर जे वाचले आणि जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते असे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले गोव्याचे काही खडक तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. पठारांवर जांभ्याचा जाड थर आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून शंभर-सव्वाशे मीटर खाली होती. तेव्हा आपल्या नद्या आजच्या किनाऱ्याच्याही पुढे वाहत जाऊन, खोल दऱ्या कोरून समुद्रास मिळत. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि सहासात हजार वर्षांपूर्वी साधारणतः आजच्या पातळीस आला. त्या दऱ्या बुडाल्या. बुडालेल्या दऱ्यांत नद्यांनी आणि भरत्यांनी गाळ आणून टाकला. म्हणून खाजनात वरची नांगरटीची माती संपली, की खाली निळसर करडी, लोण्यासारखी मऊ सागरी चिकणमाती लागते. तीत शिंपले असतात, कांदळवनाची कुजलेली मुळे असतात. तिची जाडी कोठे काही हात, तर मोठ्या नद्यांच्या मुखाकडे कित्येक मीटर. तिच्याखाली जुन्या नदीची वाळू व गोटे, त्याखाली कुजून मऊ झालेला खडक आणि सर्वांत खाली खरा कातळ.

या निळ्या मातीचे दोन स्वभाव आहेत. पहिला असा की ती दिसते माती, पण असते बरीचशी पाणी. कित्येक ठिकाणी कोरड्या मातीच्या वजनाच्या जवळजवळ तितकेच पाणी तिच्या कणांत अडकलेले असते. तिच्यावर वजन आले, की प्रथम ते वजन पाणीच तोलून धरते. मग पाणी हळूहळू वाट काढून निसटते, कण जवळ येतात आणि जमीन खचते. हे पाणी निसटण्यास लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञाच्या 1920 नंतरच्या दशकातील संशोधनावरून कळते. म्हणजे थर दुप्पट जाड असेल तर काळ चौपट. ज्याने भराव घातला त्याच्या हयातीत जे निम्मेच खचले, ते उरलेले त्याच्या नातवाच्या वाट्यास येते. कायद्यात वारसास मालमत्तेबरोबर कर्जही येते. मातीचा कायदाही तसाच आहे, मात्र येथे मुदतीचा कायदा लागू नाही.

दुसरा स्वभाव अधिक गूढ. समुद्राच्या पाण्यातले गंधकाचे क्षार, मातीतले लोह आणि कांदळवनाचा पालापाचोळा यांच्यापासून, हवा नसलेल्या चिखलात, सूक्ष्म जंतू लोह व गंधक यांचे एक संयुग तयार करतात. जोवर ते पाण्याखाली आहे तोवर ते निरुपद्रवी. ते उपसून वर काढले, वाळवले, त्यास वारा लागू दिला, की त्याचे आम्ल होऊ लागते, आणि आम्ल झाले की पीक जळते, लोखंड गंजते, सिमेंटही कुरतडले जाते. केरळात कुट्टनाडच्या शेतकऱ्यांस ही व्यथा चांगली परिचित आहे. आपल्या खाजनांची माती खारी तर आहेच, शिवाय आम्लतेकडे झुकणारीही आहे. तेव्हा तिला फार उपसू नये, फार वाळवू नये, हे शहाणपण जुन्या शेतकऱ्यांनी रसायनशास्त्रावाचून मिळविले होते.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटली. बांध घालून दलदल भरतीपासून तोडली, की तिला नवा गाळ मिळणे थांबते आणि ओली माती निथळून बसू लागते. म्हणजे जमीन ज्या दिवशी समुद्राकडून घेतली, त्याच दिवसापासून ती खाली जाऊ लागते. आज बहुतेक खाजने भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. पिढ्यानुपिढ्या राखलेली जमीन अशा रीतीने बांधावर अधिकाधिक अवलंबून होत जाते. खाजन एकदा मिळवून मोकळे होता येत नाही. ते रोज मिळवावे लागते. एका खेकड्याने बीळ केले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर पुनवेच्या भरतीला बांध फुटतो आणि मग एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे शेत खारे होते. म्हणूनच गावकरीच्या व्यवस्थेत खाजन कोणा एकाचे नव्हते. ते कसण्यास देत, त्याचे उत्पन्न येई, त्यातून बांधाचा खर्च निघे आणि मग उरेल त्यातून गावकारांस झोण मिळे. आधी बांध, मग वाटा. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

अशा जमिनीची 'मालकी' म्हणजे काय? आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो ती व्याख्या उपभोगाची, विल्हेवाटीची व इतरांस वगळण्याची. खाजनाच्या बाबतीत ही तिन्ही अंगे लटपटतात. उपभोग तुमचा, पण तो शेजाऱ्याच्या बांधाच्या आश्रयाने. वगळावे म्हटले तर पाण्यास कोण वगळणार? विल्हेवाट म्हणाल तर, जी वस्तू सतत राखल्याविना अस्तित्वातच राहत नाही, ती राखण्याच्या कर्तव्यासकटच दुसऱ्यास देता येते. कूळकायदा आला 1964 मध्ये. 1976 च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. न्याय्यच होते ते. अन्न पिकवणाऱ्याच्या पदरी जमीन पडली याचा विषाद मानणाऱ्यांत आम्ही नाही. पण जमीन वाटली गेली आणि बांध वाटता येईना. त्यासाठी कुळांचे संघ निघाले. काही ठिकाणी ते नीट चालले, पुष्कळ ठिकाणी मानशीच्या मासळीचा लिलाव तेवढा नेमाने होत राहिला आणि कोळंबीच्या लोभाने दार वेळी-अवेळी उघडे राहू लागले. आमच्या देवस्थानचा तुकडा पडीक पडला तो याच मार्गाने. फुटलेला बांध तीन वर्षे कोणी बांधला नाही. आणि आता तोच पडीकपणा भराव घालण्याचे कारण म्हणून पुढे येत होता.

महाजनांशी दुसरी बैठक झाली तेव्हा आम्ही हे थोडक्यात सांगितले. त्यांच्यातील एक शिक्षक आहेत, पुराणांचे जाणकार. त्यांनी आम्हांस चांगलेच पेचात टाकले. "अहो वकीलबाब, आपली सारी भूमीच परशुरामाने समुद्र हटवून मिळविलेली. बाणावलीस त्याचा बाण पडला म्हणून सांगतात. मूळ पुरुषानेच जे केले, ते त्याच्या भूमीतल्या देवासाठी आपण केले तर अधर्म कसा?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही त्यांना उलट विचारले की, परशुरामास समुद्राकडे जमीन का मागावी लागली? कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याने जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपास दान दिली. दिलेल्या भूमीवर राहण्याचा अधिकार दात्यास उरत नाही. तेव्हा पाय टेकण्यापुरती जागा म्हणून तो समुद्राकडे वळला. सर्वस्व देऊन झाल्यावरची ती मागणी आहे, आणि समुद्र तेथे मागे सरतो. त्याच्यावर कोणी माती लोटत नाही. कथेचा असा अर्थ काढण्यात वकिली आहे हे आम्ही कबूल करतो. शिक्षकही हसून म्हणाले की, आपण दोघेही परशुरामाचे वकीलपत्र घेऊन बसलो आहोत, फक्त त्याने सही कोणाच्या कागदावर केली ते कळत नाही. पण त्या बोलण्यातून एक भेद आमच्यापुढे स्पष्ट झाला, तो असा की समुद्राकडून जमीन घेण्याच्या दोन रीती आहेत. एक राखण्याची, दुसरी भरण्याची. खाजन करणाऱ्या पूर्वजांनी जमिनीवर वजन घातले नाही. ती होती तशी सखल व हलकी ठेवली, पाण्यास येण्याजाण्याची वेळ नेमून दिली आणि मातीला झेपेल असे पीक घेतले. निळ्या मातीने दीड हजार वर्षे भात तोलून धरले. तिच्यावर दोन मीटर जांभ्या मातीचा भराव घालावा, तर दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास वजन येते, आणि ते इमारतीची एक वीटही रचण्यापूर्वी.

हे वजन नुसते खालीही जात नाही. मऊ माती दाबली की ती बाजूस सरकते. शेजारच्या शेतात जमीन फुगते, बांध कलतो, व्हाळाचे तोंड बुजते. इमारत खांब रोवून थेट कातळावर उभी करता येते हे खरे. परंतु त्यातही मातीचा एक डाव असतो. भरावाखाली खचणारी माती खांबास आधार देण्याऐवजी त्यास लटकते आणि त्याला खाली ओढू लागते. आणि इमारत कातळावर स्थिर राहून भोवतालचे अंगण खचत गेले, की पायऱ्यांची संख्या दर काही वर्षांनी वाढवावी लागते. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचे घर कातळापर्यंत पोचते. ज्याच्यापाशी नाही त्याचे शेत चिखलातच राहते, आणि त्यात पहिल्याच्या भरावाचे पाणी साचते.

यावर कोणी म्हणेल की आजचे शास्त्र यास पुरे पडेल. जपानात ओसाकाच्या उपसागरात भराव घालून कान्साई विमानतळाचे बेट उभारले. 1994 मध्ये तो सुरू झाला. वरच्या मऊ चिकणमातीत वाळूचे असंख्य उभे खांब घालून त्यांनी तिचे पाणी लवकर निथळवले. पण त्याखालचे जुने, खोल थर त्या उपायाच्या टप्प्याबाहेर होते. काम सुरू झाल्यापासून ते बेट तेरा मीटरांहून अधिक खचले आहे, अजून थोडे थोडे खचते, आणि तेथील लोक त्याचे नित्य मोजमाप ठेवतात, भिंती उंच करतात, इमारतीचे खांब उचलून घेतात. म्हणजे त्यांनीही अखेर नव्या रीतीचे खाजनच पत्करले : रोज राखण्याचे. आपल्या इकडे कोकण रेल्वे मांडवी-जुवारीच्या पट्ट्यातून नेताना या मऊ सागरी मातीने अभियंत्यांची परीक्षा पाहिली. त्या मार्गामुळे खाजनांची हानी होईल, हा वाद 1992 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, कारण एवढ्या मोठ्या लोकोपयोगी कामात निसर्गाची काही हानी अटळ असते, असा त्याचा विचार होता. त्या निकालावर येथे भाष्य करीत नाही. रेल्वेने आम्हीही जातो. मात्र 'काही हानी' ही कोणाच्या शेतातली, हे निकालपत्रात सहसा लिहिलेले नसते.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थास खाजनाच्या कडेचा भूखंड घ्यावयाचा होता. आम्ही रीतसर तीस वर्षांचा शोध घेतला. कागद स्वच्छ होते. 'निर्वेध व विक्रीयोग्य' असे लिहून दिले, फी घेतली. पुढे त्यांनी तो भरला, घर बांधले. चौथ्या पावसाळ्यात जोते तडकले, पायऱ्या घरापासून सुटल्या. त्याबद्दल त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, आणि तो आमचा दोष नव्हताही. परंतु भरावाने शेजारचा व्हाळ बुजला होता. त्यापलीकडे एक बाई स्वतःचे थोडे भात करीत असे. तिचे शेत आता पावसाळाभर तुंबून राही. कोणी तरी तिला आमचे नाव सांगितले म्हणून ती आमच्याच कचेरीत आली. बसली, पदराने कपाळ पुसले आणि सांगू लागली. तिने त्या गृहस्थांचे नाव घेताच आम्हांस तिला थांबवावे लागले. विरुद्ध पक्षाचे काम आम्ही केलेले. तिचे म्हणणे ऐकून घेणे धंद्याच्या नियमांत बसत नव्हते. आम्ही तिला दुसऱ्या वकिलाचे नाव लिहून दिले. नियम योग्यच आहे, आजही आम्ही तसेच वागू. पण ती उठून जाताना म्हणाली, "तुमी खंय जमिनीचें बरें पळयतात म्हूण हांव आयिल्लें." तुम्ही म्हणे जमिनीचे काम चांगले पाहता, म्हणून मी आले होते. पुढे तिला तडजोडीत काही रक्कम मिळाल्याचे कळले. शेत पडीकच राहिले.

आम्ही लिहिलेल्या त्या दाखल्यात एक अक्षर खोटे नव्हते. तीस वर्षांत त्या जमिनीवर बोजा नव्हता, हे सत्यच होते. परंतु त्या व्हाळावर तिच्या भाताचा जो हक्क होता, तो कोणत्याही नोंदवहीत नव्हता. तो पाण्याच्या वाटेत होता. आणि त्या निळ्या मातीची सहासात हजार वर्षे आमच्या तीस वर्षांच्या शोधाबाहेर पडली होती. कायद्याने खरे आणि तरीही अपुरे असे बोलणे हे असत्यभाषण होय काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यामागे आहे. युधिष्ठिराचे उदाहरण येथे देण्याचा मोह होतो, पण त्याला निदान आपण काय लपवीत आहोत ते ठाऊक होते. आम्ही पाहिलेच नव्हते. आणि न पाहण्याची फी घेतली होती.

देवाच्या जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे, असे प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये मलिक घराण्याच्या खटल्यात मानले. हिंदुस्थानातील न्यायालये देवास अज्ञान बालकासारखे समजतात. त्याच्या मालमत्तेची देखभाल करणाऱ्याने पालकाच्या सावधपणाने वागावे, अशी अपेक्षा असते. गोव्यातील देवस्थाने 1933 च्या माझानी नियमावलीने चालतात आणि येथे महाजनांचा अधिकार निराळ्या रीतीने ठरतो. तरी पालकपणाचे तत्त्व आम्हांस सर्वत्र लागू वाटते. पालकाने विचारावयाचे ते असे की, बालक मोठे झाल्यावर या व्यवहारास काय म्हणेल? देव तर कधी मोठा होत नाही. त्याचे अज्ञानत्व संपत नाही, म्हणून पालकाचे उत्तरदायित्वही संपत नाही. ज्याचे आयुष्य अनंत, त्याच्या जमिनीचा विचार पाचदहा जत्रांच्या गर्दीने करून कसे चालेल? निळी माती शंभर वर्षे खचणार असेल, तर ती शंभर वर्षे देव तेथेच असणार आहे. महाजन नसतील. आमचा दाखलाही नसेल.

शिवाय 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या प्रकरणात असे म्हटले आहे, की नद्या, किनारे, समुद्र अशा गोष्टी सरकारही विश्वस्त म्हणूनच धारण करते. हे तत्त्व रोमन कायद्यातून आलेले म्हणून सांगतात. आपल्याकडे ऋणाची कल्पना त्याहून घरची आहे. देव, ऋषी, पितर यांची तीन ऋणे सर्वांस पाठ आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. खाजनात ही चारही एका बांधावर उभी दिसतात : बांध घातला पितरांनी, नेमले देवास, राखावयाचा शेजाऱ्यासाठी. ऋषिऋण म्हणजे विद्या. ती मानशेकाराच्या हातात आहे आणि त्याच्याबरोबर चालली आहे.

अंत्रुजातील आपली पुष्कळ देवळे मूळची तिसवाडी, साष्टी, बारदेशची. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, वेर्णेहून म्हाळसा नदीपलीकडे नेण्यात आल्या. तेव्हा पूर्वजांना देव उचलता आला, खाजन उचलता आले नाही. आज जो भराव आणावयाचा, तो येणार पठारावरचा जांभा कापून. त्याच पठारांनी पाऊस मुरवून आपल्या देवळांच्या तळ्यांना झऱ्याचे पाणी दिले आहे. म्हणजे देवाच्या एका जागेसाठी देवाच्याच दुसऱ्या जागेचे पाणी तोडावयाचे. हे ऐकून समितीतील तरुण सभासद, जो आतापर्यंत वाहनतळाचा नकाशा उलगडून बसला होता, त्याने तो प्रथमच घडी घालून ठेवला.

अखेर आम्ही सर्वजण एके दिवशी ओहोटीच्या वेळी जमीन पाहण्यास गेलो. हे आम्ही वकिलीच्या इतक्या वर्षांत क्वचितच केले होते. बांध फुटला होता तेथे कांदळ उगवले होते. गावचा वृद्ध मानशेकार बरोबर होता. भरावाचे बोलणे निघाले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "उदकाक वाट दिवची पडटा, ना जाल्यार तें आपली वाट घेता." मग त्याने हातातला लांब बांबू चिखलात उभा धरला व दाबला. फारसे बळ न लावता तो खाली गेला. माणसाच्या उंचीइतका गेला, आणखी गेला, आणि शेवटी त्याच्या मुठीशी चिखल आला. तो उपसून काढला तेव्हा टोकास निळी माती आणि शिंपल्याचे तुकडे लागले होते. शिक्षकांनी एक तुकडा धोतराच्या सोग्यास पुसून खिशात टाकला. वयोवृद्ध महाजनांनी विचारले, "कातळ किती खाली असेल?" मानशेकार म्हणाला, "दुसरो बांबू हाडूंक जाय."

समितीची सभा भाताची कापणी झाल्यावर आहे. वाहनतळासाठी रस्त्याच्या वरच्या अंगाची एक खडकाळ जागा पाहावी, असे दोघांचे मत पडले आहे. ती लहान आहे व देवळापासून लांब आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना चढ पडेल, ही अडचण खरी आहे. बांध दुरुस्त करावयाचा तर शेजारच्या कुळांसही त्यात घ्यावे लागेल, आणि त्यांच्यापैकी दोघांचे समितीशी वैर आहे. सभेत काय ठरेल ते आम्ही सांगू शकत नाही.

आमचे मत आम्ही लेखी दिले आहे. त्यात दोन परिच्छेद आहेत. पहिल्यात मालकी देवस्थानची असून दस्तऐवजांत बोजा आढळत नाही, असे लिहिले आहे. दुसऱ्यात त्या जमिनीखाली काय आहे, पाण्याची वाट कोठून जाते आणि पलीकडे कोणाकोणाची शेते आहेत, ते नकाशासह लिहिले आहे. तो कोणी मागितला नव्हता, म्हणून फी पहिल्याचीच घेतली.